शाळेची बाउंड्री बदलतेय, आमच्या मुलांचं काय? अमेरिकेतल्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर दोन-तीन वर्षांनी आमच्या भागात कुठल्या तरी प्राथमिक शाळेची हद्द नव्याने आखायचा विषय निघतो आणि माझा फोन वाजायला लागतो. कुणी मराठी शाळेबाहेर मुलांची वाट पाहताना विचारतं, कुणी हळदीकुंकवाला, कुणी रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. मी मेरीलंडमध्ये राहते, त्यामुळे उदाहरणं इथली जास्त आली आहेत. नियम राज्यागणिक आणि डिस्ट्रिक्टगणिक (डिस्ट्रिक्ट म्हणजे सरकारी शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा) बदलतात, तेव्हा तुमच्या डिस्ट्रिक्टचं लेखी धोरण एकदा स्वतः वाचाच.

१. आपल्याकडे हवी ती शाळा निवडता यायची. इथे पत्त्यावरून शाळा का ठरते?

इथली सरकारी शाळा फुकट असते, तिचा मोठा खर्च स्थानिक करांतून, विशेषतः घरपट्टीतून निघतो, आणि डिस्ट्रिक्टने प्रत्येक शाळेला एक भौगोलिक क्षेत्र बांधून दिलेलं असतं. त्या क्षेत्रात राहणाऱ्या मुलाला ती शाळा सहसा नाकारता येत नाही. पुण्या-ठाण्यात आपण चार शाळांचे फॉर्म भरतो, मुलाखतीला जातो, मग व्हॅन लावतो. घराचं अंतर महत्त्वाचं ठरतं ते मुख्यतः आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी. इथे सगळ्यांनाच अंतराचा आणि पत्त्याचा नियम लागू आहे.

एक फरक नीट समजून घ्या. डिस्ट्रिक्टची हद्द वेगळी आणि शाळेची हद्द वेगळी. मेरीलंडमध्ये २३ काउंटी आणि बाल्टिमोर शहर मिळून फक्त २४ डिस्ट्रिक्ट आहेत, म्हणून एका काउंटीत श्रीमंत आणि गरीब वस्त्या एकाच स्कूल बोर्डाच्या, म्हणजे शाळांचे निर्णय घेणाऱ्या मंडळाच्या, हाताखाली येतात. न्यू जर्सीत सुमारे ६०० डिस्ट्रिक्ट आहेत. तिथे गावाची वेस हीच मोठी भिंत असते आणि बोर्ड ती ओलांडू शकत नाही. त्यामुळे एडिसनमधल्या मैत्रिणीचा अनुभव तुम्हाला लागू होईलच असं नाही.

२. आमच्या आजूबाजूला एकही नवीन घर बांधलेलं नाही. तरी शाळेत गर्दी कशी झाली?

जुनी घरं विकली गेल्यामुळे. ज्या आजी-आजोबांची मुलं पंचवीस वर्षांपूर्वी शिकून बाहेर पडली, ते घर विकून फ्लोरिडाला जातात आणि त्यांच्या जागी दोन लहान मुलांचं कुटुंब येतं. रस्त्यावर वीटही हलत नाही, पण शाळेत दोन मुलं वाढतात. अशी दहा-बारा घरं झाली की एक वर्ग भरला. म्हणून डिस्ट्रिक्टची माणसं अंदाज बांधताना नवीन बांधकामाबरोबर घरांच्या फेरविक्रीचेही आकडे धरतात.

३. शाळा ‘११७ टक्के भरली’ म्हणजे काय? मुलाच्या वर्गात तर पंचवीसच मुलं आहेत.

क्षमता खोल्यांवरून काढतात. मेरीलंडच्या सूत्रात केजीच्या खोलीला २२ मुलं आणि पहिली ते पाचवीच्या खोलीला २३ मुलं धरतात. समजा शाळेत केजीच्या ४ आणि वरच्या इयत्तांच्या २० खोल्या आहेत. क्षमता झाली ८८ अधिक ४६०, म्हणजे ५४८. शाळेत ६४० मुलं असतील तर ती ११७ टक्के भरलेली आहे. मैदानावर उभ्या केलेल्या पोर्टेबल खोल्या, ज्यांना सगळे ट्रेलर म्हणतात, त्या या हिशोबात येत नाहीत.

म्हणून वर्गात पंचवीस मुलं दिसूनही शाळा ओसंडत असते. जास्तीची मुलं ट्रेलरमध्ये बसवून वर्गाचा आकडा सांभाळला जातो. पण कॅफेटेरिया एकच असतो, मग पहिलं जेवण साडेदहाला उरकावं लागतं. चित्रकलेच्या बाईंची खोली वर्गाला जाते आणि त्या सामान ढकलगाडीवर घालून वर्गावर्गात फिरतात. स्पीच थेरपी जिन्याखालच्या कोपऱ्यात होते. ट्रेलरमधल्या सहा वर्षांच्या मुलाला थंडीत शू लागली की जॅकेट चढवून मुख्य इमारतीत जावं लागतं. माझ्या मुलाने दुसरी अशाच ट्रेलरमध्ये काढली आणि त्या वर्षी तो दुपारपर्यंत पाणीच प्यायचा नाही. बाहेर जावं लागू नये म्हणून. हे मला डिसेंबरात कळलं. तेव्हापासून ‘थोडी गर्दी आहे, चालतं’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

४. मग नवी शाळाच का बांधत नाहीत?

बांधतात, पण जागा, निधी, आराखडा आणि बांधकाम यांत वर्षं जातात. इथल्या मेरीलंडमधल्या हॉवर्ड काउंटीत जिला अनेक वर्षं नुसतं ‘हायस्कूल क्रमांक १३’ म्हणत, ती गिल्फर्ड पार्क हायस्कूल २०२३ मध्ये उघडली. जो मुलगा चर्चेच्या वेळी प्राथमिक शाळेत होता, तो तोवर मोठा झाला.

दुसरं कारण पालकांना सहसा कुणी सांगत नाही. निधी देताना राज्य शेजारच्या शाळांतल्या रिकाम्या जागाही पाहतं. दोन मैलांवरची शाळा ८० टक्केच भरलेली असेल, तर तुमच्या शाळेला नवं दालन मिळणं अवघड असतं. आधी मुलं सारखी वाटा, मग बांधकामाचं बोला, असा सरळ हिशोब.

नॉर्थ कॅरोलिनातल्या वेक काउंटीने, म्हणजे आपले कॅरी-मॉरिसव्हिलवाले जिथे राहतात तिथे, काही शाळा वर्षभर चालवून वेगळा मार्ग काढला. मुलांचे चार गट केले जातात, एका वेळी तीन गट शाळेत आणि एक सुट्टीवर असतो. त्याच इमारतीत जास्त मुलं मावतात. फक्त दोन भावंडांना एकाच गटात ठेवून घ्यायला विसरू नका, नाहीतर भारतात जायचं तिकीट काढणं मुश्कील होतं.

५. नकाशा कोण आखतं? आणि आपण नेमकं केव्हा जागं व्हायचं?

डिस्ट्रिक्ट आपल्या क्षेत्राचे लहान लहान तुकडे करून ठेवतं. हॉवर्डमध्ये त्यांना पॉलिगॉन म्हणतात, वेकमध्ये नोड, व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत प्लॅनिंग झोन. नकाशा बदलतो म्हणजे हे तुकडे एका शाळेकडून दुसरीकडे सरकवले जातात. आधी कर्मचारी पर्याय मांडतात, काही ठिकाणी पालकांची समिती बसते, सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचा प्रमुख अधिकारी, एक प्रस्ताव निवडतो, जाहीर सुनावण्या होतात आणि शेवटी निवडून आलेलं स्कूल बोर्ड मत देतं.

बहुतेक जण आपल्या गल्लीचा रंग बदललेला दिसल्यावरच जागे होतात. तोवर उशीर झालेला असतो. २०१९ मध्ये हॉवर्डचा प्रस्ताव ऑगस्टमध्ये आला आणि नोव्हेंबरमध्ये मतदान झालं. हातात तीनच महिने होते. पण दर जूनमध्ये तिथे येणाऱ्या अहवालात कुठली शाळा किती भरणार याचे पुढच्या वर्षांचे अंदाज असतात. तो अहवाल वाचणारे पालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपल्या पॉलिगॉनचा किंवा नोडचा क्रमांक आजच पाहून ठेवा, आधार क्रमांकासारखा.

६. आम्ही याच शाळेसाठी कर्ज काढून घर घेतलं. आता ती बदलायचा त्यांना हक्क आहे का?

आहे. वाईट वाटेल, पण शाळेची हद्द ही काही सातबाऱ्यावरची नोंद नाही. तुम्ही घेतलं ते घर, शाळेतली जागा नव्हे. मेरीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच, प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या बर्नस्टीन खटल्यात, अमुक एका शाळेत जाण्याचा हक्क कुणाला लाभत नाही असं स्पष्ट केलं आहे. इतर राज्यांतही न्यायालयं साधारण हीच भूमिका घेतात. बिल्डरची बाई मॉडेल घरात उभी राहून काय म्हणाली, याला किंमत नाही.

घर अजून घ्यायचं असेल तर एवढं करा: त्या शाळेची सध्याची भरती, पाच वर्षांचा अंदाज आणि शेजारच्या दोन शाळांची भरती पाहा. शाळा ११५ टक्के असेल आणि तुमची सबडिव्हिजन, म्हणजे घरांची वसाहत, तिच्या हद्दीच्या टोकाला असेल, तर बदल होणार असं धरूनच घर घ्या.

७. बाउंड्री बदलली तर घराची किंमत पडेल का?

शाळेच्या गुणांचा किमतीवर परिणाम होतो, हे खरं आहे. अर्थशास्त्रज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ च्या अभ्यासात बॉस्टनच्या उपनगरांत हद्दीच्या अगदी अलीकडची आणि पलीकडची घरं ताडून पाहिली. प्राथमिक शाळेचे गुण ५ टक्क्यांनी जास्त, तर पालक घराला सुमारे २.५ टक्के जास्त द्यायला तयार होते. परिणाम आहे, पण ‘वीस टक्के बुडाले’ म्हणून हिअरिंगला ओरडणाऱ्यांइतका तो नाही. आणि बोर्डासमोर हा मुद्दा काढूच नका. मुलांच्या शाळेचा निर्णय घ्यायला बसलेल्या माणसांना तुमच्या घराच्या किमतीची काळजी करायला कायदा सांगत नाही.

८. गर्दीचं समजलं. पण त्यात ‘डायव्हर्सिटी’ कशाला आणतात?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो बहुतेक वेळा दबक्या आवाजात येतो. म्हणून जरा सविस्तर.

या देशात घर कुठे आणि शाळा कुठे हे कधीच निव्वळ भूगोलाने ठरलेलं नाही. १९५४ मध्ये ब्राऊन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वंशानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९७१ मध्ये शार्लटच्या खटल्यात त्यासाठी मुलांना बसने दूर नेणंही मान्य केलं. मग १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या मिलिकन खटल्यात न्यायालयाने सांगितलं की उपनगरांच्या डिस्ट्रिक्टनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय त्यांना शहराच्या उपायात ओढता येणार नाही. त्यानंतर ज्याला परवडलं तो डिस्ट्रिक्टची वेस ओलांडून गेला. आपण आयटीच्या नोकऱ्या घेऊन आलो तेव्हा हा पट आधीच मांडलेला होता. आपण फक्त त्यातल्या चांगल्या घरात येऊन बसलो.

हॉवर्ड काउंटीतलं कोलंबिया हे गाव जेम्स राऊझ या विकासकाने १९६७ मध्ये मुद्दाम वेगळ्या विचाराने उभं केलं. काळे-गोरे, श्रीमंत-मध्यमवर्गीय-गरीब एकाच वस्तीत राहावेत हा हेतू होता. तरी पन्नास वर्षांत काही शाळांत मोफत किंवा सवलतीचं जेवण घेणारी मुलं एकवटली आणि काहींत ती जवळजवळ दिसेनाशी झाली. २०१९ मध्ये सुपरिंटेंडंट मायकल मार्टिरानो यांनी सुमारे ७,४०० मुलं हलवायचा प्रस्ताव मांडला. गर्दी आणि गरिबी, दोन्हींचा समतोल हा त्याचा उद्देश होता. काउंटी गाजली. मोर्चे निघाले, एकसारखे टी-शर्ट घातलेले पालक हिअरिंगला आले, काही पत्रांची भाषा वाचवत नव्हती. नोव्हेंबरमध्ये बोर्डाने त्याहून लहान, पण पाच हजारांवर मुलांना हलवणारा आराखडा मंजूर केला.

मिसळण्याने मुलांचं भलं होतं का? मला सर्वांत पटलेला पुरावा शेजारच्या मॉन्टगोमेरी काउंटीतला आहे. तिथे सरकारी घरांत राहणाऱ्या कुटुंबांना वेगवेगळ्या वस्त्यांत सोडतीने घरं मिळत. त्यामुळे सारख्याच परिस्थितीतली मुलं वेगवेगळ्या प्राथमिक शाळांत गेली. हेदर श्वार्ट्झ यांनी २००१ ते २००७ मधल्या अशा ८५० मुलांचा अभ्यास केला. कमी गरिबी असलेल्या शाळांत गेलेल्या मुलांनी प्राथमिक शाळा संपेपर्यंत इतर मुलांशी असलेलं गणितातलं अंतर निम्म्यावर आणलं. दुसरीकडे, जास्त गरिबीच्या शाळांना काउंटीने जादा पैसे दिले होते, लहान वर्ग दिले होते. तरी तिथली मुलं तेवढी पुढे गेली नाहीत.

माझं मत लपवत नाही. प्राथमिक शाळेत मूल चालत जाऊ शकेल इतकं जवळ असणं मोलाचं आहे आणि साडेपाच वर्षांच्या मुलाला पाऊण तास बसमध्ये घालणारा नकाशा मला मान्य नाही. पण शेजारशेजारच्या दोन शाळांमधली रेघ थोडी सरकवून गर्दीही कमी होत असेल आणि मुलंही मिसळत असतील, तर विरोधाला मला कारण दिसत नाही.

९. म्हणजे माझं मूल एशियन आहे म्हणून त्याला हलवतील?

नाही. २००७ मध्ये सिअ‍ॅटल आणि लुईव्हिलच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की एकेका मुलाचा वंश पाहून त्याची शाळा ठरवता येणार नाही. त्यातलं लुईव्हिलचं प्रकरण तर केजीतल्या मुलाचं होतं. न्यायमूर्ती केनेडी यांनी मात्र वेगळ्या निकालपत्रात एक वाट मोकळी ठेवली: वस्तीची एकंदर रचना लक्षात घेऊन हद्द आखणं किंवा नव्या शाळेची जागा निवडणं चालतं.

वंश पाहून प्रवेश द्यायला मनाई करणाऱ्या २०२३ च्या हार्वर्ड निकालाचा संबंध कॉलेज प्रवेशांशी आहे, प्राथमिक शाळेच्या हद्दीशी थेट नाही. आज बहुतेक डिस्ट्रिक्ट वंशाऐवजी कुटुंबाचं उत्पन्न पाहतात. ते कसं, हे पुढच्या प्रश्नात.

१०. ‘फार्म’ टक्केवारी म्हणजे काय?

मोफत किंवा सवलतीच्या दरात जेवण मिळणाऱ्या मुलांचं प्रमाण. कुटुंबाचं उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. हा आकडा आता पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही. ज्या शाळेत पात्र मुलं पुरेशी जास्त असतात, तिथे सगळ्यांनाच फुकट जेवण देता येतं, मग पालक फॉर्म भरत नाहीत. २०२३ मध्ये त्यासाठीची किमान पातळी ४० वरून २५ टक्क्यांवर आणल्यावर अशा शाळा आणखी वाढल्या. दोन शाळांची तुलना करताना आकडा कसा मोजला, हे आधी विचारा.

११. नव्या शाळेचं रेटिंग १० पैकी ५ आहे, जुनीचं ९. मुलाचं नुकसान होणार ना?

रेटिंगमधला मोठा भाग मुलं किती गुण मिळवतात यावर असतो आणि गुण बऱ्याच अंशी घरच्या परिस्थितीवर. तुमच्या घरी संध्याकाळी पाढे होत असतील, तर ते नव्या पत्त्यावरही होतील. शाळा स्वतः किती शिकवते हे पाहायचं तर एका वर्षात मुलांची प्रगती किती होते ते पाहा. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरच्या परीक्षांवरून दाखवलं की सरासरी गुण आणि प्रगती हे दोन्ही हातात हात घालून चालत नाहीत. शिकागोच्या शाळांचे गुण कमी होते, पण तिथली मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांइतकी पुढे गेली होती.

शाळा बघायला जा. मुख्याध्यापक किती वर्षं टिकले, शिक्षक दरवर्षी सोडून जातात का, पुढच्या पातळीचं गणित कितव्या इयत्तेपासून मिळतं, हे विचारा. या तीन उत्तरांतून मला नेहमी रेटिंगपेक्षा जास्त कळलं आहे.

१२. सगळे म्हणतात, तिथे ‘अपार्टमेंटमधली मुलं’ येतात. खरं आहे का?

येतात. आपणही तिथूनच आलो. पहिल्या प्रोजेक्टवर आलो तेव्हा दोन बेडरूमच्या भाड्याच्या जागेत, जमिनीवर गादी टाकून राहत होतो, आणि आपलं मूल त्याच बसस्टॉपवर उभं राहायचं. घर घेतल्यावर सात-आठ वर्षांत हे शब्द आपल्या तोंडी कसे येतात, याचं मला फार वाईट वाटतं. आजही त्या इमारतींत नुकती आलेली मराठी कुटुंबं आहेत आणि तुमचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचतं.

१३. ज्या शाळेत आमची मुलं पाठवणार, तिथल्या पालकांना तर आनंदच असेल?

असं गृहीत धरू नका. ब्रुकलिनमध्ये २०१५ मध्ये पी. एस. ८ ही प्राथमिक शाळा इतकी भरली की केजीला प्रतीक्षायादी लागली. जवळच्या पी. एस. ३०७ मध्ये जागा रिकाम्या होत्या. तिथली बहुतेक मुलं काळी आणि लॅटिनो होती, पुष्कळशी शेजारच्या फॅरागट या सरकारी वसाहतीतली. पी. एस. ८ कडच्या पालकांची नाराजी सगळ्यांनी ऐकली. पण ३०७ च्या पालकांनाही धास्ती होती: शाळा आम्ही मेहनतीने उभी केली, इथे मँडरिन आणि विज्ञानाचे चांगले कार्यक्रम आहेत, उद्या श्रीमंत पालक येतील, पीटीए (पालक-शिक्षक संघ) ताब्यात घेतील आणि आमच्याच मुलांना जागा उरणार नाही. जानेवारी २०१६ मध्ये बदल मंजूर झाला, शिकत असलेल्या मुलांना न हलवता.

त्यात पैशाचाही एक पेच असतो. गरीब मुलांचं प्रमाण ४० टक्क्यांवर असलेल्या शाळेला टायटल वनचा केंद्रीय निधी संपूर्ण शाळेसाठी वापरता येतो. हद्द बदलून ते प्रमाण खाली आलं, तर निधी आणि त्यावर नेमलेले जादा शिक्षक जाऊ शकतात. राहिलेल्या गरीब मुलांचं त्यात नुकसान होतं. हिअरिंगला हा प्रश्न जरूर विचारा, तो विचारणारे फार कमी असतात.

१४. आम्ही एच-वन-बीवर आहोत. आम्हाला यात बोलता येतं का?

येतं. हिअरिंगला बोलायला, पत्र लिहायला, समितीवर बसायला नागरिकत्व लागत नाही. मुलाच्या प्रवेशाचा तर व्हिसाशी संबंधच नाही. ते १९८२ च्या प्लायलर निकालाने पक्कं केलं आहे. मत देण्याचं मात्र वेगळं. स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत सहसा फक्त नागरिक मत देतात. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ च्या सार्वमतानंतर नागरिक नसलेल्या पालकांनाही हा हक्क दिला, आणि न्यूयॉर्क शहरात स्थानिक शिक्षण परिषदांच्या निवडणुकीत सर्व पालक भाग घेतात. आपल्यातले जे नागरिक झाले आहेत ते अध्यक्षाच्या निवडणुकीला रांग लावतात आणि मतपत्रिकेतला बोर्डाचा रकाना कोरा सोडतात. हे थांबायला हवं.

१५. दोन-तीन मिनिटांत काय बोलावं?

पत्ता किंवा पॉलिगॉन सांगा, एकच मागणी ठेवा आणि पर्याय द्या. ‘आमचा भाग हलवू नका’ याला बोर्डाकडे उत्तर नसतं, कारण मग कुणाचा हलवायचा? त्याऐवजी: ‘आमची ६० मुलं सध्या चालत जातात, प्रस्तावात त्यांना बस लागेल. रस्त्यापलीकडचा तुकडा आताच बसने जातो, तो हलवला तर गर्दी तेवढीच कमी होईल.’ असं बोललेलं कर्मचारी लिहून घेतात.

सगळ्यांनी एकच मजकूर पाठवू नका. रेटिंग, घराची किंमत आणि ‘त्या’ शाळेतली मुलं हे तीन विषय टाळा, कारणं प्रश्न ७, ११ आणि १२ मध्ये आहेत. इंग्रजीचं दडपण असेल तर दुभाषा आधी मागून घ्या.

१६. मुलगी चौथीत आहे. शेवटच्या वर्षाला हलवतील का? आणि धाकट्याचं काय?

बऱ्याच ठिकाणी शेवटच्या वर्षातल्या मुलांना जुन्या शाळेत राहू देतात. याला ग्रँडफादरिंग म्हणतात. ते आपोआप मिळेलच असं नाही, ठरावात लिहिलेलं असावं लागतं. दोन अटी नीट वाचा. बस मिळेल का? पुष्कळदा नाही, मूल रोज तुम्हालाच सोडावं लागतं. भावंडाला सोबत राहता येतं का? कुठे येतं, कुठे येत नाही, आणि येत असलं तरी मोठी बहीण बाहेर पडल्यावर धाकट्याची मुभा संपू शकते. मग तो दुसरीत एकटाच शाळा बदलतो. माझ्या ओळखीच्या दोन घरांनी म्हणूनच दोन्ही मुलांना एकदमच नव्या शाळेत घातलं.

१७. मुलाचा आयईपी (विशेष गरजा असलेल्या मुलासाठीची लेखी वैयक्तिक शिक्षण योजना) आहे. त्याला हलवता येतं का?

त्यात लिहिलेल्या सेवा डिस्ट्रिक्टला द्याव्याच लागतात, मात्र त्या कुठल्या इमारतीत द्यायच्या हे बदलू शकतं. त्यामुळे नुसत्या आयईपीने हद्दीतून सूट मिळत नाही. पण मूल जर ठरावीक शाळांतच चालणाऱ्या खास वर्गात असेल, तर त्याची शाळा त्या वर्गावरून ठरते, घराच्या हद्दीवरून नाही. बदल जाहीर होताच आयईपीची बैठक मागा आणि नव्या शाळेतल्या माणसाला तिथे बोलवा.

१८. तोवर मित्राचा पत्ता दिला तर?

देऊ नका. खोटा पत्ता दिला तर मुलाला वर्षाच्या मध्ये काढू शकतात आणि काही ठिकाणी फीही वसूल करतात. २०११ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनमधल्या एका काळ्या आईला स्वतःच्या वडिलांच्या पत्त्यावर मुलींना शाळेत घातल्याबद्दल शिक्षा झाली आणि नऊ दिवस तुरुंगात काढावे लागले. पुढे राज्यपालांनी गुन्ह्याचं स्वरूप सौम्य केलं. आई-वडील वेगळे राहत असतील, तर बहुतेक ठिकाणी मूल मुख्यत्वे ज्याच्याकडे राहतं त्याचा पत्ता धरतात. त्यासाठी ताब्याचा आदेश जवळ ठेवा.

१९. ले-ऑफ झाला, घर सोडलं, मित्राकडे राहतोय. आता मुलीला त्याच्या हद्दीतल्या शाळेत घालावं लागेल?

नाही, आणि हे खूप कमी जणांना माहीत आहे. घर गमावल्यामुळे किंवा आर्थिक अडचणीमुळे दुसऱ्याच्या घरी आसरा घेतलेल्या मुलांना मॅकिनी-व्हेंटो हा १९८७ चा केंद्रीय कायदा लागू होतो. मुलीच्या हिताचं असेल तर तिला जुन्याच शाळेत राहता येतं, वाहनाची सोय डिस्ट्रिक्टने करायची असते, आणि कायमचं घर मिळालं तरी ते शालेय वर्ष तिथे पुरं करता येतं. कायद्यात ‘बेघर’ शब्द आहे म्हणून आपली माणसं लाजतात आणि मुलं उगाच शाळा बदलतात. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये यासाठी नेमलेली एक व्यक्ती असते. शाळेच्या काउन्सेलरकडे तिचं नाव मागा, कारण सांगायला एवढंच पुरे: ‘सध्या आम्ही तात्पुरते दुसऱ्यांकडे राहतो.’

२०. मतदान झालं, आमची गल्ली हललीच. आता काही करता येतं का?

मेरीलंडमध्ये ३० दिवसांत राज्य शिक्षण मंडळाकडे अपील करता येतं. निर्णय मनमानी, अवाजवी किंवा बेकायदा होता हे तुम्हाला दाखवावं लागतं. ‘दुसरा नकाशा जास्त चांगला होता’ एवढ्यावर अपील टिकत नाही, आणि प्रश्न ६ मधला निकाल तुमच्या समोर उभा असतो. वकिलाला पैसे देण्यापूर्वी याचा विचार करा. वैयक्तिक अडचण असेल, म्हणजे वैद्यकीय कारण किंवा पाळणाघराची सोय, तर अपिलाऐवजी विशेष बदलीचा अर्ज करा. त्याची मुदत वेगळी असते आणि भरलेल्या शाळांना तो सहसा बंद असतो.

अर्ज केला असला तरी नव्या शाळेच्या पीटीएच्या यादीत जूनमध्येच नाव घाला. उन्हाळ्यात त्यांचे मैदानावर खेळायचे कार्यक्रम असतात. तुमच्या गल्लीतली चार मुलं तिथे एकत्र न्या, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी बसमध्ये चढताना त्यांना ड्रायव्हर सोडून इतर कुणी अनोळखी नसेल.